फेडायची घाई

ग्रीक माणसाशी सौदा करायला भुकेल्या पोटी जाऊ नये, हे मी शिकागोकडे आल्यावर दुसऱ्याच वर्षी शिकलो. तो आधी खायला घालतो. वाफाळतं लिंबाचं सूप येतं, मग पाव येतो, मग तो समोर बसून तुमच्या बायकामुलांची चौकशी करतो, आणि तुम्ही चमचा खाली ठेवता तेव्हा घरून ठरवून आणलेला आकडा सुपात विरघळलेला असतो. म्हणून मी जेवून जायचो आणि त्यांच्या टेबलावर फक्त काळी कॉफी घ्यायचो.

माझा धंदा जुन्या सामानाचा. एखादं रेस्टॉरंट बंद झालं की त्याच्या किचनमधल्या भट्ट्या, तवे, पीठ मळायची मशिन्स, फ्रीझर असं सगळं उचलायचं, शॉमबर्गच्या गोडाउनमध्ये आणून घासायचं, दुरुस्त करायचं आणि नवीन रेस्टॉरंट काढणाऱ्याला विकायचं. कराडहून डिप्लोमा घेऊन आलो तेव्हा मी इथल्या एका कारखान्यात फिटर होतो. फोरमनशी भांडून बाहेर पडलो आणि पहिला तवा भाड्याच्या पिकअपमध्ये घालून विकला. पुढचं जे काही झालं ते याच दोन हातांनी. कुणाचा उपकार घेतला नाही, आणि चुकून घेतलाच तर दुसऱ्या दिवशी फेडून मोकळा झालो. बायको याला माझा आजार म्हणायची. मी शिस्त म्हणायचो.

सांगतोय ती गोष्ट २००७ च्या हिवाळ्याची. पण तेव्हा माझ्या मनात तीन वर्षांचा एक काटा होता, आणि तो मी कुणाला काढू देत नव्हतो. आधी त्याबद्दल.

२००१ च्या शेवटी आयटीतल्या नोकऱ्या पटापट जायला लागल्या. आमच्या कराडचाच एक तरुण इंजिनिअर त्यात सापडला. व्हिसा नोकरीला बांधलेला, बायको सहा महिन्यांची गरोदर, अपार्टमेंटचं लीज संपत आलेलं. दिवाळीच्या एका कार्यक्रमात कुणीतरी त्याची ओळख करून दिली. तो बोलताना हातातली कागदी प्लेट सारखी दुमडत होता. मी म्हटलं, आमचं बेसमेंट रिकामं आहे, या राहायला. ते आले आणि आठ महिने राहिले.

बेसमेंट तसं थंडगार होतं. मी तिथे हीटर बसवला, खिडक्यांना प्लास्टिक लावलं, गोडाउनमधलं एक छोटं सिंक आणून जोडलं. मार्चमध्ये मुलगी झाली. बारशाला पाळणा हवा. दुकानातले पाळणे मला तकलादू वाटले, म्हणून मी बेकरीत पाव ठेवतात ती स्टीलची ट्रॉली कापली, कडा घासून गुळगुळीत केल्या, चाकांना ब्रेक लावले. बायकांनी नाकं मुरडली आणि मग त्यालाच कापडी फुलांच्या माळा बांधल्या. संध्याकाळी घरी आलो की हात धुऊन मी आधी खाली जायचो. मला बघितलं की ती पोर पाय झाडायला लागायची. मला येताना बघून लोक सावध होतात, खिसे चाचपतात, मॅनेजरला बोलावतात. मला बघून खूश होणारी एवढीच एक व्यक्ती माझ्या माहितीत होती.

पुढे त्याला नोकरी लागली. ते जवळच अपार्टमेंटमध्ये गेले, पण दर शनिवारी पोरीला घेऊन यायचे. ती चालायला लागली ती आमच्या किचनमध्ये. मला ‘आबा’ म्हणायची. मग २००४ च्या उन्हाळ्यात त्यांनी नेपरव्हिलला घर घेतलं आणि वास्तुशांत केली.

मी सकाळी सातला जाऊन खुर्च्या मांडल्या. होमाच्या धुरानं अलार्म वाजू नये म्हणून स्टुलावर चढून तो काढून ठेवला. दुपारी पूजा झाली, पानं वाढायला घेतली, आणि तो किचनच्या कट्ट्यापाशी उभा राहून चार शब्द बोलायला लागला. त्यानं बॉसचे आभार मानले. घर दाखवणाऱ्या एजंटचे मानले. गुरुजींचे, सोफा उचलायला आलेल्या चार मित्रांचे, शेजारच्या अमेरिकन जोडप्याचे मानले, कारण त्यांनी गवत कापायचं मशीन वापरायला दिलं होतं. मी वाट बघत होतो. मग तो म्हणाला, चला, जेवायला बसू या.

गवत कापायचं मशीन. माझ्या डोक्यात तेवढंच राहिलं. मी गॅरेजमध्ये जाऊन बुटांच्या ढिगातून माझे बूट काढले आणि गाडीत जाऊन बसलो. बायको पाच मिनिटांनी आली. तिच्या हाताला श्रीखंड लागलेलं होतं.

गाडीत ती म्हणाली, “आपल्या माणसाचे कुणी आभार मानतं का? मी तुमचे कधी मानले?”

“तू मानायला हवे होतेस.”

“मग आत्ता मानते. गाडी वळवा.”

मी वळवली नाही. त्याचे तीन-चार फोन आले, मी घेतले नाहीत. दिवाळीला ते फराळाचा डबा घेऊन दारात आले, तेव्हा मी गॅरेजमध्ये होतो आणि घरी नाही म्हणून सांगायला लावलं. पोर आत येऊन मला शोधत होती ते मला भिंतीपलीकडून ऐकू येत होतं. त्यानंतर ते आले नाहीत. बायको त्यांच्याशी फोनवर बोलायची, मी खोलीत आलो की विषय बदलायची. पोरगी आता शाळेत जाते, दात पडलाय, असं तिच्या बोलण्यातून कानावर यायचं. मी विचारायचो नाही. पण दात कुठला, वरचा की खालचा, याचा मी दिवसभर गोडाउनमध्ये विचार केलेला आहे.

तर २००७ चा नोव्हेंबर. एका म्हाताऱ्या ग्रीकाचा डायनर होता, म्हणजे छोटं, साधं रेस्टॉरंट. त्याच्याशी मी पूर्वी दोनदा भांडलो होतो आणि तीनदा व्यवहार केला होता. पांढऱ्या मिशा, जाड मनगटं, आणि किंमत ऐकली की छातीवर हात ठेवून मरायची तयारी करणारा. गुडघे गेले म्हणून तो आता सगळंच विकायला निघाला होता. आम्ही दोन दिवस घासाघीस केली. पिठाच्या मशीनवरून तो एकदा उठून गेला, भट्टीवरून मी दोनदा उठून गेलो. दुसऱ्या दिवशी दुपारी हातात हात दिला. दोघंही आपण लुबाडले गेलो असं एकमेकांना सांगत होतो, म्हणजे सौदा चांगला झाला होता.

मी निघालो तेव्हा त्यानं शेल्फवरून एक छोटं तांब्याचं भांडं काढलं. लांब दांड्याचं, कॉफी उकळायचं, बुडाला काळं पडलेलं. माझ्या हातात दिलं.

“हे कितीला?” मी विचारलं.

तो नुसता हात हलवून आत गेला.

मला ते भांडं घरी चैन पडू देईना. दुसऱ्या दिवशी सकाळी मी गोडाउनमधून कोऱ्या खोक्यातला जर्मन सुऱ्यांचा संच घेतला आणि त्याच्या टेबलावर नेऊन ठेवला. भांड्याच्या दहापट वजनाचा. म्हटलं, झाली फिटंफाट. म्हातारा खोक्याकडे बघत राहिला. त्याचा चेहरा पडला, आणि या वेळी ते नाटक नव्हतं.

तो म्हणाला, “मित्रा, या खोलीतली प्रत्येक वस्तू मी तुला विकली. खिळेसुद्धा. एक गोष्ट मला द्यायची होती.”

आणि लंगडत किचनमध्ये गेला. मी तिथेच उभा. गल्ल्यावर त्याची थोरली बहीण बसलेली असायची, पंच्याहत्तरीची, जाड भिंगांचा चष्मा. पूर्वी ग्रीसमध्ये ती हायस्कुलात प्राचीन ग्रीक शिकवायची. भावाच्या मागोमाग इकडे आली आणि तीस वर्षं लोकांना सुटे पैसे देत राहिली. आमच्या शाळेत शिकवणाऱ्या बायकांना आम्ही बाई म्हणायचो, म्हणून मनातल्या मनात मी तिलाही बाईच म्हणायचो. तिनं चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि इतक्या लवकर का, असं विचारलं.

मी म्हटलं, मला कुणाचं काही अंगावर ठेवायला आवडत नाही.

“म्हणजे आम्ही तुमच्या अंगावर नको.”

मला राग आला. माणूस भेट आणतो आणि वर बोलणी खातो. मी भांडायच्या तयारीत इकडे तिकडे बघितलं, तर तिच्या डोक्यावर भिंतीला एक चित्र होतं. स्वस्तातली छपाई, कडेला तेलाचे डाग. तीन बायका हात धरून गोल उभ्या, जणू फुगडीच्या आधी. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, हे चित्र विकायच्या यादीत होतं का?

ती खूप हसली. मग माझ्यापुढे काळी कॉफी ठेवून म्हणाली, बसा.

तिनं जे सांगितलं ते माझ्या भाषेत सांगतो. त्यांच्या जुन्या ग्रीक भाषेत ‘खारिस’ असा एक शब्द होता. इंग्रजीत त्याला ग्रेस म्हणतात आणि चर्चमध्ये ती आकाशातून खाली पडते. पण चर्चच्या कितीतरी आधी तो साध्या माणसांचा शब्द होता. एखाद्याला बघून मन प्रसन्न होतं ती खारिस. त्यानं प्रसन्न होऊन दुसऱ्याला काही दिलं ती खारिस. घेणाऱ्याच्या मनात त्याबद्दल जे राहतं तीही खारिसच. देण्याला एक शब्द आणि त्याची जाणीव ठेवण्याला दुसरा, असं त्यांनी केलं नाही. ग्रीक लोक आजही धन्यवाद म्हणताना हाच शब्द पोटात घालून म्हणतात. आणि या चित्रातल्या तिघी म्हणजे त्याच शब्दाच्या देवी. एक तेज, एक आनंद, एक बहर. जुने लोक सांगत, एक देते, एक घेते, एक परत करते, आणि त्या हात धरून नाचतात. नाचताना कोण कुठली ते ओळखू येत नाही.

मी म्हटलं, आमच्याकडे असं नाही. आमच्याकडे कृपा वरून येते, आणि माणसानं केला तर तो उपकार. उपकार म्हटलं की ओझं, आणि ओझं म्हटलं की फेडणं. मग मला वाटलं की ही बाई आपल्याला अगदीच रुक्ष समजेल, म्हणून मी प्रसादाबद्दल सांगितलं. आपण देवापुढे शिरा ठेवतो, तो त्याचा होतो, आणि तोच पुन्हा आपल्या हातावर येतो. ज्यानं ठेवला तोही हात पुढे करतो. कुणी दिला आणि कुणी घेतला ते कुणी विचारत नाही.

तिला ते फार आवडलं. तिनं ‘प्रसाद’ हा शब्द बिलाच्या मागे ग्रीक अक्षरांत लिहून घेतला. मग शिक्षकी सवयीनं प्रश्न विचारला.

“आणि कुणी तो न घेताच उठून गेला तर?”

मी कॉफी प्यायलो. ती गार झाली होती. वास्तुशांतीचा प्रसाद मी घेतला नव्हता. तीन वर्षांत ते माझ्या ध्यानातही आलं नव्हतं. माझ्या हिशेबी त्या दिवशी चूक करणारा एकच माणूस होता. त्या परक्या बाईला मी सगळं सांगून टाकलं, बेसमेंट, पाळणा, गवत कापायचं मशीन. माझा आवाज चढला होता, कारण किचनमधून म्हातारा दारात येऊन उभा राहिला.

बाईनं ऐकून घेतलं. मग म्हणाली की त्यांच्या सगळ्यात जुन्या काव्यात खारिस नावाच्या देवीचं लग्न झालेलं आहे. कुणाशी? देवांच्या लोहाराशी. लंगडा, घामट, हातभर काजळी.

“तुझ्यासारखा,” दारातून म्हातारा मला म्हणाला.

हा लोहार जन्मला तेव्हा त्याचा पाय अधू म्हणून त्याच्या आईनंच त्याला स्वर्गातून खाली फेकून दिलं. तो समुद्रात पडला. तिथे दोन देवींनी त्याला उचलला आणि पाण्याखालच्या एका गुहेत ठेवून घेतला. नऊ वर्षं. कुणाला कळू दिलं नाही. तो तिथेच लहान लहान दागिने घडवायला शिकला. आणि त्या दोघींपैकी एक, काही ठिकाणी असं सांगतात, चित्रातल्या या तिघींची आई.

मी म्हटलं, बेसमेंट.

“बेसमेंट,” ती म्हणाली. “पुढे तो मोठा झाला. स्वतःचा महाल, स्वतःची भट्टी. एके दिवशी त्या दोघींपैकी दुसरी त्याच्या दारात आली. तिच्या मुलाला लढाईसाठी चिलखत हवं होतं. खारिसनं तिला बघितलं, हाताला धरून आत आणलं, चांगल्या खुर्चीवर बसवलं, पायाखाली पाट दिला. म्हणाली, तुम्ही तर कधी येत नाही. आणि आत नवऱ्याला हाक मारली. तो भात्यापाशी होता. कोण आलंय ते कळलं तशी त्यानं हत्यारं पेटीत ठेवली, ओल्या बोळ्यानं तोंड, मान, छाती पुसली आणि लंगडत बाहेर आला. बायकोला सांगितलं, हिनं मला वाचवलं होतं, हिच्यासाठी मी काय करू नये?”

मी टेबलावर हात आपटला. म्हटलं, बघा. बघा, तो बोलला. सगळ्यांसमोर नाव घेऊन बोलला. माझं म्हणणं दुसरं काय आहे?

“बोलला,” बाई म्हणाली. “कधी बोलला?”

“बायकोसमोर.”

“ती दारात आली तेव्हा. इतकी वर्षं तिनं निरोप धाडला नव्हता की माझं नाव का घेत नाहीस. तिला काहीतरी हवं होतं, आणि ते मागायला ती त्याच्या घरी गेली. मागितल्याशिवाय तो काय देणार होता? देवांना चिलखतं घडवून देणारा माणूस तो. तुम्ही त्या मुलाकडे कधी काही मागितलंय?”

मी म्हटलं, मी कुणाकडे काही मागत नाही.

“मग तो बिचारा अजून गुहेतच आहे,” ती म्हणाली आणि गल्ल्यातली नाणी लावायला लागली.

सुऱ्यांचा संच तिनं मला परत न्यायला लावला. म्हणाली, आम्ही विसरून गेल्यावर कधीतरी या, दुसरं काहीतरी घेऊन. हे बोलणं मला अजिबात आवडलं नाही. गाडीत बसून मी तिला दोन शिव्याही दिल्या, मराठीत. घरी गेल्यावर बायकोला मी लोहाराची गोष्ट सांगितली, पण शेवटचा भाग गाळून. ती ऐकत ऐकत त्या तांब्याच्या भांड्यात चहा उकळत होती. म्हणाली, छान आहे गोष्ट, पण तुम्ही काहीतरी गाळलंय.

डिसेंबरात माझ्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. दोन दिवस आधी तिथल्या नर्सचा फोन आला. ऑपरेशननंतर तुम्हाला घरी कोण नेणार? मी म्हटलं, टॅक्सी. टॅक्सी चालणार नाही, ओळखीचं माणूस लागेल. मी म्हटलं, बायको. ती गाडी चालवते का? चालवते, पण हायवेवर नाही, आणि बर्फात तर नाहीच. मी तिथेच तीन तास बसून राहतो, मग सोडा. नाही. दोन तास बसतो आणि हळू जातो. ती नर्स एक इंच हलेना. इतक्या वर्षांत इतकी पक्की पार्टी मला भेटली नव्हती. आमचा मुलगा कॅलिफोर्नियात. शेवटी गोडाउनमधल्या माझ्या माणसाचं नाव मी दिलं. ते तिनं लिहून घेतलं आणि विचारलं, नातं काय? मी म्हटलं, माझ्याकडे कामाला आहे. मग तिनं इमर्जन्सीत बायकोखेरीज कुणाला फोन करायचा ते विचारलं. मी म्हटलं, बघून सांगतो.

फोन ठेवला आणि टेबलापाशी बसून राहिलो. बायको समोर वाटाणे सोलत होती.   एक वाटाणा टेबलावरून घरंगळला, तो मी धरला, तिच्या भांड्यात टाकला आणि गाडीची किल्ली घेतली.

शनिवारची दुपार. नेपरव्हिलच्या त्यांच्या रस्त्यावर दोन्ही बाजूंना बर्फाचे ढीग. उजव्या डोळ्यानं सगळं दुधातून बघितल्यासारखं दिसत होतं, त्यामुळे मी दोनदा चुकीच्या घरापुढे थांबलो. बेल वाजवल्यावर वाटलं की निघून जावं. 

दार तिनंच उघडलं. साडेपाच वर्षांची, एक वेणी सुटलेली, पायात सशाचे स्लिपर्स. वरचा दात नव्हता. वरचा.

मी म्हटलं, “बाबा आहेत का घरात?”

तिनं मला नीट बघितलं आणि मान मागे वळवून ओरडली, “मॉम, देअर्स अ मॅन.”

अ मॅन. पूर्वी हे ऐकून मी पायरीवरूनच परत गेलो असतो. पण मी काही मागायला आलो होतो, आणि मागायला आलेल्या माणसाला जायची घाई नसते, हे मला दारात उभं राहिल्यावर कळलं. तिची आई पदरासारखा किचन टॉवेल खांद्यावर टाकून आली आणि मला बघून जागच्या जागी थांबली. मग म्हणाली, काका, आधी आत या, गार हवा येतेय, बूट मग काढा. माझ्या कोटाची बाही धरून तिनं मला आत घेतलं आणि सोफ्यावरची खेळणी एका हातानं खाली ढकलून बसवलं. वर बघून नवऱ्याला हाक मारली. नुसतं नाव, कोण आलंय ते न सांगता.

तो जिन्यावरून उतरताना मधेच थांबला. पोट सुटलं होतं, केस मागे सरकले होते. शेवटच्या तीन पायऱ्या तो फार सावकाश उतरला.

“तीन वर्षं, काका,” तो म्हणाला. “फोन केला की कट. घरी आलो तर नाही म्हणून सांगितलं, आणि गॅरेजच्या दाराखाली तुमचे बूट दिसत होते. ही तुम्हाला हाका मारत होती.”

 त्याच्या जागी मी असतो तर मीही हेच बोललो असतो, आणि जास्त जोरात. तयार करून आणलेलं एक वाक्य माझ्याकडे होतं, तेवढंच मी बोललो. “माझं डोळ्याचं ऑपरेशन आहे सोमवारी. घरी आणायला कुणीतरी लागतं. तू येशील का?”

तो समोरच्या खुर्चीवर बसला. दोन्ही हातांनी तोंड पुसल्यासारखं केलं.

“आणायला म्हणजे? न्यायला कोण आहे?”

“न्यायला टॅक्सी करतोय.”

“टॅक्सी कॅन्सल करा. सकाळी किती वाजता?”

मी म्हटलं, साडेसहा, पण तुला ऑफिस आहे, तू फक्त अकराला ये, अर्ध्या तासाचं काम. तो म्हणाला, सहाला दारात उभा राहतो, तिथेच बसून राहणार. मी म्हटलं, बसून राहायची गरज नाही. त्याची बायको किचनमधून म्हणाली की दर चार तासांनी थेंब घालायचे असतात, काकूंच्या हाताला कंप आहे, तेव्हा दोन दिवस तुम्ही इथेच राहायचं, दोघांनीही. मी एक दिवसावर आणायला बघितलं. तो तीनवर गेला. मी उठायचं नाटक केलं, आजवर ते कधी फुकट गेलं नव्हतं. त्यानं माझ्या बुटांवर पाय ठेवला. मी दोन दिवस कबूल केले आणि खाली बसलो. त्यानं फोन काढून सोमवारची मीटिंग पुढे ढकलली. मी बसलो होतो त्या बाजूला त्यानं पाठ केली होती, आणि फोन संपल्यावरही काही वेळ तो तसाच उभा होता.

त्याच्या बायकोनं बशीत शिरा आणला. मी खाल्ला. कुणी कुणाचे आभार मानले नाहीत.

पोर इतका वेळ सोफ्याच्या हातावर बसून ऐकत होती. मराठी सगळं कळतं, बोलते इंग्रजीत, असं तिची आई म्हणाली. ती जवळ आली आणि माझ्या चेहऱ्यासमोर चेहरा आणून दोन्ही डोळ्यांत आळीपाळीनं बघायला लागली.

“विच वन इज द बॅड वन?”

“हा,” मी उजव्या डोळ्यावर बोट ठेवलं.

तिनं लगेच तळहातानं माझा डावा डोळा झाकला. हाताला शिऱ्यातल्या वेलचीचा वास येत होता. दुसऱ्या हाताची बोटं माझ्यासमोर धरून विचारलं, “हाउ मेनी?”

मला पांढऱ्या उजेडात नुसता एक गुलाबी ठिपका हलताना दिसत होता. म्हटलं, “चार.”

“नो.”

“बरं, साडेतीन.”

ती खदाखदा हसायला लागली आणि तिचा हात माझ्या डोळ्यावर गदगद हलत राहिला. म्हणाली, असं हाफ नसतं, यू हॅव टू पिक वन. मी म्हटलं, हात काढू नकोस, मला अजून विचार करू दे.